फरशी फोडायची परवानगी

हे मी लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि कॉलेजही असं की मागच्या बाकावर पंख्याच्या आवाजात सरांचं बोलणं ऐकू येत नाही. शाळा हिंदी माध्यमाची झाली. मराठी घरात ऐकून आली. वाचायला आईने शिकवलं, ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानांवरून. तिथे पाककृती असायच्या आणि राशिभविष्य असायचं. तेव्हा माझ्या लिहिण्यात कुठे राशिभविष्याचा सूर लागला, तर समजून घ्या.

तरी लिहायला बसलो, कारण यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोलकात्यातल्या आपल्याच एका बाईंनी आईला विचारलं, "दुकान काय झकास केलंत हो! कंपनीने करून दिलं असेल ना सगळं?"

आई वाण हातात धरून नुसती हसली. तिचं ते हसणं मला बघवलं नाही. मी तिळगुळाचं ताट घेऊन शेजारीच उभा होतो आणि मलाही काही बोलता आलं नाही. घरी आल्यावर वाटलं, जे तिथे बोलता आलं नाही, ते निदान लिहून काढावं.

आमचं दुकान बऊबाजारच्या एका गल्लीच्या तोंडाशी आहे. आता तिथे केक, पेस्ट्री आणि पॅटिस मिळतात. त्याआधी कितीतरी वर्षं तिथे सोनं गाळलं जायचं. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागातून आमची माणसं या धंद्यासाठी देशभर गेली. सोनारांकडचे तुटके दागिने, कानशीने घासताना पडलेली धूळ, जे काही येईल ते मुशीत वितळवायचं, तेजाबाने साफ करायचं आणि शुद्ध सोन्याची लगड परत द्यायची. याला गलाई म्हणतात. आबा, म्हणजे माझे वडील, मिसरूड फुटायच्या आधी त्यांच्या मामाबरोबर इथे आले आणि भट्टीसमोर बसले.

गलाईच्या दुकानाची एक रीत आहे. बाकीचे लोक आत येताना पाय पुसतात. आमच्याकडे बाहेर पडताना पुसायचे. मी लहानपणी आबांना डबा द्यायला जायचो, तेव्हा उंबऱ्याशी ठेवलेल्या गोणपाटावर पाय घासल्याशिवाय मला सोडायचे नाहीत. झाडू नेहमी रस्त्याकडून आत मारायचा. केर टाकायचा नाही, साठवायचा. आई आबांचे कामाचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि ते पाणी निवळल्याशिवाय ओतायची नाही. कारण सोनं उडतं, सांडतं, चिकटतं, आणि दिसत नाही. वर्षानुवर्षं ते जमिनीत मुरत जातं. म्हणून गलाईवाला दुकान सोडतो तेव्हा शेवटी खालचा कोबा फोडतो, त्याचा भुगा करून गाळतो, मगच किल्ली देतो. मामाआजोबांनी हावड्याचं दुकान सोडताना असाच कोबा फोडला होता आणि त्यातून निघालं त्यात गावाकडे आत्याचं लग्न झालं, असं घरात सांगतात.

आणखी एक रीत आहे. कोब्यात काय आहे, हे बाहेरच्या माणसाला कधी सांगायचं नाही.

मी दहावीत असताना आबांच्या छातीने दगा दिला. तेजाबाच्या धुराने फुप्फुसं खराब झालीत, भट्टीसमोर पुन्हा बसलात तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं. आबांना दुसरं काही येत नव्हतं. तेव्हा त्यांनी एका केक कंपनीची जाहिरात बघितली. कोलकात्यात प्रत्येक नाक्यावर असं एखादं काचेचं दुकान असतं. ऑफिसातून सुटलेली माणसं तिथे पॅटिस खातात आणि मुलांच्या वाढदिवसाला केक बांधून नेतात. कंपनी माल पुरवते, नाव कंपनीचं, दुकान आणि खर्च आपला. आबांनी फ्रँचायझी घेतली.

तेव्हा कोबा फोडायला हवा होता. पण केकचा धंदा टिकेल का, यावर आबांचा विश्वास नव्हता, आणि उद्या पुन्हा भट्टी लावायची वेळ आली तर कोबा तसाच बरा, असं त्यांना वाटलं. आई म्हणाली, "आत्ता काढून घ्या. घरात राहील."

"घरात राहिलं तर खर्च होईल," आबा म्हणाले. "जमिनीत राहू दे. बँकेत असल्यासारखं."

मग कोब्यावर वाळू-सिमेंटचा थर आला, त्यावर पांढऱ्या टाइल्स बसल्या, आणि आबा टोपी घालून काउंटरमागे उभे राहिले. केर मात्र ते अजूनही बाहेरून आत झाडतात. पॅटिसचा चुरा आत गोळा होतो आणि मग आई वैतागून तो सुपलीत भरते. "या चुऱ्याची पण लगड करणार आहात का?" असं ती रोज विचारते.

धंदा बरा चालला. माझी फी निघत होती. आबांची रात्रीची ढास कमी झाली, हे आम्हाला सगळ्यात मोठं वाटायचं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात कंपनीचा एरिया मॅनेजर आला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, बंगाली, बोलायला गोड. हातात टॅब. त्यावर त्याने नवं दुकान दाखवलं. गडद हिरव्या भिंती, छतात लपवलेले दिवे, गोल कडांचं काउंटर, नवे शोकेस, नवा फलक.

"अंकल, कंपनीचा नवा लूक आहे. सगळ्या दुकानांना करावाच लागेल. दुर्गापूजेच्या आत."

"छान आहे," आबा म्हणाले. "कंपनी कधी सुरू करणार?"

तो हसला. "कंपनी डिझाइन देणार ना, अंकल. काम आमचा ठरलेला ठेकेदार करणार. बिल तुमचं."

"आमचा शोकेस चांगला चालतोय की."

"चालतोय. पण पांढरा आहे."

मी त्या दिवशी कॉलेजातून थेट दुकानात आलो होतो. आबांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेची मला भीती वाटते. तिचा अर्थ असतो, तू शिकतोस ना, मग बघ काय ते. मी घरी जाऊन कराराचे कागद काढले. इंग्रजी कठीण नव्हतं. तेच मला लागलं. मला वाटलं होतं, न समजणारं काही असेल, मी डिक्शनरी घेऊन बसेन आणि त्यात कुठेतरी आमच्या बाजूचं एखादं वाक्य सापडेल. पण सगळं सरळ लिहिलं होतं. कंपनी सांगेल तेव्हा दुकानाचं नूतनीकरण करायचं. कंपनी सांगेल त्या नमुन्याप्रमाणे, कंपनीने नेमलेल्या माणसाकडून. बांधकाम, सजावट, यंत्रं, फलक, सगळा खर्च फ्रँचायझी घेणाऱ्याचा. कंपनीच्या मंजुरीशिवाय दुकानात खिळाही ठोकायचा नाही. नाही केलं तर फ्रँचायझी रद्द आणि अनामत गेली.

मी चिडलो. आबांना म्हणालो, "भिंत आपली नाही, रंग आपला नाही, माणूस आपला नाही. बिल तेवढं आपलं!"

आबा शांत होते. ते जेवत होते आणि त्यांनी विचारलं, "एस्टिमेट आलंय ना? त्यात जुनी फरशी काढायची लिहिलीय का बघ."

मी बघितलं. होती. जुनी फरशी काढून राबिश उचलण्याचे पैसे लावलेले होते. बांधकामाच्या मलब्याला इथे राबिश म्हणतात.

"मग करतो सही," आबा आईकडे बघून म्हणाले. आईचा हात भाकरीवर थांबला. तिला कळलं होतं. मला कळायला थोडा वेळ लागला.

कोबा फुटणार होता, तोही ठेकेदाराच्या हातोड्याने, कोणाला शंका न येता. आबांनी फक्त राबिश आपल्याकडे ठेवून घ्यायचं होतं. त्यांच्या जुन्या मित्राची भट्टी पलीकडच्या गल्लीत अजून चालू आहे. ते त्याच्याकडून गाळून घेणार, आणि नूतनीकरणाचं बिल त्या जमिनीतूनच भागणार. बिलाचा पहिला हप्ता त्यांनी आपल्या गलाईवाल्यांच्या भिशीतून उचलून दिला. पूजेपर्यंत परत करतो, असं सांगितलं. नाही जमलं तर त्या मित्राच्या भट्टीवर काम करून फेडेन, हेही बोलून गेले. आईने ते ऐकलं आणि त्या दिवशी ती नीट जेवली नाही.

"भट्टीवर जायची वेळ येणार नाही गं," आबा तिला म्हणाले. "कोबा आहे ना."

काम सुरू झालं. ठेकेदार पान खाणारा, पोट सुटलेला, सारखा फोनवर. मजूर मुर्शिदाबादचे. आधी छत उघडलं, मग भिंती खरवडल्या. आबा तोंडाला गमछा बांधून दिवसभर दारात बसायचे. डॉक्टरांनी धूळही वर्ज्य केली होती. मी म्हणायचो, मी बसतो. ते म्हणायचे, तू कॉलेजात जा. त्यांनी रिकामी पोती आणून मागच्या बोळात रचून ठेवली होती.

ठेकेदाराने विचारलं, "सेठ, पोती कशाला?"

"राबिश मी घेणार."

"राबिश? काय करणार?"

"गावाकडच्या घराला भराव लागतो."

"महाराष्ट्रात नेणार? ट्रेनने?" ठेकेदार इतका हसला की त्याला पान थुंकायला बाहेर जावं लागलं. मजुरांनाही ते आवडलं. तेव्हापासून विटेचा तुकडा पडला की कोणीतरी ओरडायचं, "सेठ, घ्या, बांद्र्याला पाठवा!"

आबा हसायचे. खरंच हसायचे. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती.

आणि मग एका सकाळी टेम्पोतून नव्या टाइल्स आल्या. लाकडासारख्या दिसणाऱ्या, लांबट. मजुरांनी जुन्या पांढऱ्या टाइल्स धुतल्या आणि त्यावरच चिकटवायचा मसाला कालवायला घेतला. आबांचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. ते एवढंच म्हणाले, "ये." मी पोचलो, तेव्हा ते दुकानाच्या मधोमध उभे होते आणि मिस्त्री त्यांना बाजूला व्हायला सांगत होता.

"फरशी फोडायची लिहिलीय," आबा म्हणत होते. "एस्टिमेटमध्ये आहे."

"ड्रॉइंग बदललं, सेठ. आता जुन्यावरच नवी बसवायची. वेळ वाचतो."

"मला वेळ वाचवायचा नाही."

"कंपनीला वाचवायचाय. पूजा तोंडावर आली."

मी मध्ये पडलो. माझं बंगाली बरं आहे, पण भांडायला लागलो की त्यात हिंदी मिसळते. मी म्हणालो, "फोडण्याचे पैसे आम्ही भरलेत. मग फोडा."

ठेकेदाराने फोन कानापासून काढला. "दादा, ते पैसे ॲडजस्ट होतील. बाकीच्या कामात."

"कुठल्या कामात?"

"बाकीच्या."

"दुकान आमचं आहे. आम्ही सांगतोय, फोडा."

"दुकान तुमचं आहे, खरं आहे," तो म्हणाला. "पण काम कंपनीचं आहे. कंपनीची चिठ्ठी आणा. मी आत्ता फोडतो. मला काय, हातोडाच मारायचाय."

मी आबांना बाहेर नेलं. चहाच्या टपरीपाशी उभे राहून त्यांना म्हणालो, "त्यांना खरं सांगू या. खाली काय आहे ते सांगू."

आबांनी इकडेतिकडे बघितलं. "सांगितलं की आज दुपारी हातोडा पडेल," ते म्हणाले. "आणि उद्या सकाळी पोती नसतील. हे मजूर, हा ठेकेदार, घरमालक, सगळे हिस्सा मागायला येतील. कंपनीपण म्हणेल, काम आमचं होतं."

"आणि नाही सांगितलं तर?"

त्यांनी दुकानाकडे बघितलं. चहा तसाच ठेवला.

मी विचार केला, रात्रीत आपणच फोडू. आबांनी तोही केला असणार. पण दुकानाची किल्ली ठेकेदाराकडे होती, मजूर आतच झोपायचे, आणि मंजुरीशिवाय खिळाही ठोकायचा नाही, हे मी स्वतःच त्यांना वाचून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सियालदहहून मेट्रो पकडून सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हच्या ऑफिसात गेलो. आबांचा इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो खांद्यात मोठा होता. रिसेप्शनवरच्या मुलीने मला डिलिव्हरीवाला समजून मागच्या दाराकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, फ्रँचायझीच्या कामासाठी आलोय. "तुम्ही?" असं म्हणून तिने मला बसवलं. जेवणाची वेळ झाली आणि संपली, तेव्हा प्रोजेक्ट विभागाच्या साहेबांनी आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्याने मला पाणी दिलं.

"बोला."

मी रात्री पाठ केलेलं इंग्रजी सुरू केलं. एस्टिमेटमध्ये जुनी फरशी काढणं होतं, ते वगळलं गेलं, आम्हाला ते हवं आहे. तिसऱ्या वाक्याला अडकलो आणि हिंदीवर आलो.

त्याने भुवया उंचावल्या. "थांबा. तुम्ही खर्च कमी करा म्हणून आलात ना?"

"नाही सर. फरशी फोडा म्हणून आलोय."

"खर्च वाढेल."

"चालेल."

तो खुर्चीत मागे रेलला आणि काचेपलीकडे बसलेल्या दुसऱ्याला त्याने हाक मारली. "अरे, इकडे ये. हे बघ, फ्रँचायझीवाला स्वतः म्हणतोय खर्च वाढवा!" दोघंही हसले. वाईट हसले नाहीत, मजा वाटून हसले. मग त्याने विचारलं, "पण का?"

मेट्रोत मी या प्रश्नाची कितीतरी उत्तरं तयार केली होती. ओल येते. उंदीर आहेत. जुन्या टाइल्स पोकळ वाजतात. मी म्हणालो, "पोकळ वाजतात."

"ठेकेदाराच्या रिपोर्टमध्ये तसं नाही."

"नाही वाजत," मी कबूल केलं. खोटं बोलायला लागलो की माझे कान गरम होतात. "सर, वडिलांची इच्छा आहे. दुकान आमचं आहे. पैसे आमचे आहेत. आम्हाला एवढं एक ठरवता येणार नाही का?"

त्याने टेबलावरचा कागद जवळ ओढला. मला वाटलं, आता हो म्हणेल. "तुम्ही ईमेल करा," तो म्हणाला. "टेक्निकल टीम बघेल. फरशी तोडली तर खालच्या पाइपचं, उंचीचं, सगळं बघावं लागतं. असं तोंडी नाही होत."

"तोपर्यंत काम थांबवाल?"

"काम कसं थांबवणार? पूजा आहे."

मी परतीच्या मेट्रोतच फोनवर ईमेल लिहिला. आमच्या खर्चाने आम्हाला आमच्याच दुकानाची जुनी फरशी काढू द्यावी, अशी नम्र विनंती. लिहिताना ते वाक्य मला इतकं वेडगळ वाटलं की मी दोनदा पुसलं आणि पुन्हा तेच लिहिलं. आपोआप उत्तर आलं. तुमची विनंती मिळाली आहे, आम्ही लवकरच संपर्क करू.

मी रोज फोन केला. एरिया मॅनेजर आधी म्हणायचा, "होईल, अंकलना सांग," मग म्हणायला लागला, "वरून आलं नाही," आणि मग फोन उचलेनासा झाला. तिकडे टाइल्स बसत गेल्या. मागच्या भिंतीकडून दाराकडे. आबा रोज थोडे मागे सरकून बसायचे, आणि शेवटी उंबऱ्यावर आले.

काउंटर बसवायच्या दिवशी मिस्त्रीने ड्रिल घेतलं. काउंटरचे पाय आणि शोकेसची चौकट जमिनीत पक्की करायची होती. नवी टाइल, जुनी टाइल, वाळू-सिमेंट यातून ड्रिल खाली गेलं आणि भोकातून आधी पांढरी, मग करडी, मग काळसर धूळ वर आली. आबा उठले. त्यांनी शेल्फवरून पेस्ट्रीचा पुठ्ठ्याचा एक डबा घेतला, गुडघ्यांवर बसले आणि काळसर धूळ हाताने त्यात भरायला लागले.

"सेठ, बांद्र्याचं घर एवढ्यावर उभं राहील?" मिस्त्रीने विचारलं.

"पाया तरी होईल," आबा म्हणाले.

सगळे हसले. आबांनी प्रत्येक भोकापाशी तेच केलं. संध्याकाळी तो डबा रिबिन बांधून, वाढदिवसाचा केक असावा तसा, ते मित्राच्या गल्लीत घेऊन गेले. मीही गेलो. मित्राने ती धूळ चाळली, जाळली, मुशीत घातली, तेजाबात टाकली. आबांना त्याने दारापलीकडे उभं केलं आणि दार ओढून घेतलं. धूर नको म्हणून. आबा दाराच्या फटीतून बघत होते. शेवटी मित्राने तळहातावर आणून दाखवलं. मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान, पिवळं, चमकणारं.

मला आनंद व्हायला हवा होता. सोनं आहे, हे सिद्ध झालं होतं. पण मला त्या क्षणी मोठ्याने ओरडावंसं वाटलं. जमिनीत नसतं तर बरं झालं असतं. मग आबांची समजूत चुकीची ठरली असती, आम्ही हळहळलो असतो आणि विसरलो असतो. आता ते तिथे आहे, आमचंच आहे, आणि आम्ही कोणाला तरी ईमेल करून वाट बघतोय.

"भोकं किती होती?" मित्राने विचारलं.

आबांनी हात हलवला. हिशेब नको म्हणून.

पूजेच्या आधी दुकान उघडलं. कंपनीने फुगे पाठवले. एरिया मॅनेजरने आबांना नव्या फलकाखाली उभं करून फोटो काढला आणि म्हणाला, "अंकल, बघा, कसलं दिसतंय!" दिसत होतं खरंच. येणारे-जाणारे थांबून बघायचे. पॅटिस तेच होतं, भाव वाढला होता. बाकीच्या कामात ॲडजस्ट होणारे पैसे बिलात कुठेच सापडले नाहीत. मी विचारलं तर ठेकेदार म्हणाला, छतातले दिवे बघा, किती सुंदर आहेत.

भिशीवाले आपलेच लोक. कोणी दारात येऊन बोललं नाही. पण दिवाळीच्या फराळाला कोणी आलंही नाही. भाऊबीज झाल्यावर आबा पहाटे उठून बाहेर पडायला लागले. आईने पहिल्या दिवशी विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी विचारलं.

"कुठे?"

"फिरायला. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय. भट्टीवर बसायला नाही."

"कळलं होतं तर विचारलंस कशाला?" आबा म्हणाले आणि गेले.

त्यानंतर सकाळची भट्टी, दुपारपासून काउंटर. मी कॉलेज सोडून काउंटरवर बसतो म्हणालो, तर माझ्यावर असे ओरडले की ढास लागली आणि वाक्य अर्धंच राहिलं. आई वेगळी बादली पुन्हा वापरायला लागली. बाथरूममध्ये ते निवळत ठेवलेलं पाणी दिसलं की मला अभ्यास सुचायचा नाही. रात्री पलीकडच्या खोलीतून ढास ऐकू यायची, मध्ये थांबायची, आणि मी ती पुन्हा सुरू होण्याची वाट बघत पडून राहायचो.

मी ईमेल पाठवत राहिलो. का, ते मला सांगता येणार नाही. फोडायला परवानगी मिळाली तर आठवडाभर दुकान बंद ठेवू, कोबा काढू, भिशी फेडू, आणि आबा भट्टीवर जायचे थांबतील. एवढंच होतं डोक्यात. प्रत्येक वेळी आधीचा ईमेल खाली जोडून, भाषा आणखी नम्र करून पाठवायचो.

नाताळ इथे सगळ्यांचा सण आहे. बोडोदिनला, म्हणजे नाताळच्या दिवशी, केक घरी नेला नाही, असं बंगाली घर सापडायचं नाही. कॉलेजला सुट्टी लागली होती, म्हणून सकाळी मी आणि आई काउंटर सांभाळत होतो. फ्रूट केकचे खोके नव्या लाकडी रंगाच्या फरशीवर छातीपर्यंत रचलेले, बाहेर रांग. त्या गर्दीत फोन वाजला आणि मी पावती करता करता स्क्रीन बघितली. टेक्निकल टीमचा ईमेल होता.

मी आईला म्हटलं, आलो. ती ओरडली, "आत्ता? रांग बघ!" मी धावतच पलीकडच्या गल्लीत गेलो. भट्टीच्या दारात उभं राहून हाक मारली. आबा आतून आले. डोळे लाल, तोंडाला गमछा. उंबऱ्यावरच्या गोणपाटावर त्यांनी आधी उजवा, मग डावा पाय घासला, आणि बाहेर येऊन गमछा खाली ओढला.

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"कंपनीचं उत्तर आलंय."

ते भिंतीला हात लावून उभे राहिले. मी वाचलं आणि वाचता वाचता मराठीत सांगत गेलो. आपली विनंती मंजूर करण्यात येत आहे. सध्याची फरशी, खालच्या जुन्या थरासकट, काढता येईल. नवी फरशी पुन्हा याच नमुन्याची बसवावी लागेल. दोन्हीचा सगळा खर्च फ्रँचायझी घेणाऱ्याचा राहील.

"फोडायला हो म्हणाले?" आबांनी विचारलं. त्यांचा चेहरा उजळला होता. खरंच उजळला होता.

"हो."

"आणि राबिश? राबिशचं काय लिहिलंय?"

मी फोनवर बोट वर सरकवलं. शेवटची एक ओळ राहिली होती. काम कंपनीने नेमलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यावं, आणि निघालेलं सगळं राबिश त्याच दिवशी तोच उचलून नेईल.